पाइप कोणता टाकू, भाऊ?

२०२४ च्या मे महिन्यातले चारही विकांत देऊळगाव राजाला गेले. शुक्रवारी रात्री पुण्याहून बस, पहाटे जालना, तिथून एसटीने घर. कारण साधंच होतं. बाबांच्या खोलीत एसी बसवायचा होता. एसी म्हटलं की लोड वाढवून घ्यायचा, लोड वाढला की जुना मेन बोर्ड काढून नवीन डीबी बसवायची, आणि त्यासाठी परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मला वाटलं होतं, एका शनिवारचं काम आहे.

पहिल्याच शनिवारी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वायरमनने शिडी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "पाइप कोन्ता टाकू भाऊ? लाइट का मीडियम?" मी इंजिनियर, त्यामुळे मला उत्तर येत असणार हे त्याने गृहीत धरलं होतं. मला येत नव्हतं. माझी डिग्री कॉम्प्युटरची, आणि घरात लाइट कशी फिरते हे आम्हाला चार वर्षांत कुणी शिकवलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि आई ओरडली, "अरे, चप्पल घाल आधी!" फ्रिजपाशी एक रबरी चप्पल ठेवलेली असते. ती का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. "तो चावतो," आई म्हणाली. "जास्त नाही, मुंग्या येतात नुसत्या. पावसाळ्यात जरा जास्त."

किती वर्षं? "झाली की पाच-सहा."

म्हणजे पाच-सहा वर्षं माझी आई करंट येणाऱ्या फ्रिजमधून दूध काढत होती, आणि आमच्या घराने त्यावर शोधलेला उपाय होता एक चप्पल. तेव्हा मग पाइपच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायचं ठरवलं. ते शोधताना सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज सांगतो.

*

आमच्या घरात वायरिंगचे तीन थर आहेत. पुरातत्त्व खात्यासारखं खोदायची गरज नाही, नुसतं वर बघत फिरलं तरी दिसतात.

पुढचं घर आजोबांचं. धाब्याचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. तिथे सागवानी पट्टीवर पितळी क्लिपांनी बसवलेली काळी वायर, लाकडी गोल ठोकळे आणि काळे बॅकेलाइटचे स्विच. मधलं स्वयंपाकघर बाबांनी नव्वदच्या दशकात बांधलं. स्लॅबचं. तिथे वायर दिसत नाही, स्लॅबमध्ये आणि भिंतीत प्लास्टिकचे पाइप गाडलेले आहेत. आणि तिसरा थर म्हणजे नंतर 'जरा एक पॉइंट काढून दे' असं म्हणत वाढलेली पांढरी पीव्हीसी पट्टी. इन्व्हर्टर, डिश, वायफाय हे सगळं तिच्यात.

गंमत म्हणजे या सगळ्यात नवीन पट्टीला वायरमन जे नाव घेतो, ते या तिघांत सगळ्यात जुनं आहे: केसिंग-कॅपिंग. घरातल्या विजेच्या अगदी सुरुवातीला वायरिंग असंच होतं. लाकडी पट्टीत दोन खाचा, एका खाचेत एक वायर, वरून लाकडी झाकण स्क्रूने बसवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत वीज घराघरांत शिरायला लागली. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली. त्या काळच्या वायरवर रबराचं आवरण असायचं आणि त्यावर सुताची वीण. लाकडाची पट्टी तिला धक्क्यापासून वाचवायची, पण ओल धरायची. ओल रबरात शिरली की गळती, गळतीने ऊब, आणि भोवती सगळं लाकूड. पुढचं सांगायला नको.

यावर उत्तर म्हणून लोखंडी पाइप आला. कल्पना नवी नव्हती. विजेच्या आधी शहरांत गॅसचे दिवे होते (मुंबईत १८६५ पासून), त्यामुळे पाइप वाकवणारे, आटे पाडणारे, जोडणारे कारागीर तयार होते. गॅसऐवजी आता त्यातून वायर न्यायची, इतकाच फरक. सुरुवातीला अमेरिकेत आणि जर्मनीत कागदाच्या, डांबर पाजलेल्या नळ्याही वापरून झाल्या, पण टिकला तो पोलादी पाइप. बाहेरून काळं एनॅमल, टोकाला आटे, पाऊण इंची, एक इंची. आजही वायरमन २० मिलिमीटरच्या पाइपला 'पाऊण इंची' आणि २५ ला 'एक इंची' म्हणतो, ते तिथून आलेलं.

हा पाइप एकाच वेळी चार कामं करायचा. एक, खिळा, उंदीर, हातोडी यांपासून वायर वाचवायची. दोन, आत ठिणगी पडली तर ती आतच ठेवायची. तीन, वायर खराब झाली तर भिंत न फोडता ओढून काढता यायची आणि नवीन घालता यायची. आणि चार, तो स्वतः धातूचा असल्यामुळे अर्थिंगचं काम करायचा. पाइप नीट जोडलेला आणि जमिनीशी बांधलेला असला, की वायर कुठेही सोलली तरी करंट पाइपमधून सरळ जमिनीत जाणार आणि फ्यूज उडणार.

हे चौथं काम लक्षात ठेवा. गोष्ट तिथेच अडकली आहे.

*

आता जरा आमच्या बाजूचा भूगोल. देऊळगाव राजा म्हणजे बालाजीचं गाव, सिंदखेडच्या जाधवरावांच्या मुलखातलं. जालना तासाभरावर, पण १९४८ पर्यंत जालना निजामाचं आणि देऊळगाव राजा वऱ्हाडातलं, म्हणजे ब्रिटिशांच्या कारभाराखालचं. स्वातंत्र्यानंतरही जालना हैदराबाद राज्यात आणि आम्ही मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही गावं द्विभाषिक मुंबई राज्यात आली, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. आमच्या घरी वीज आली ती त्यानंतर, मंडळाच्या काळात, साठच्या दशकाच्या शेवटी.

धाब्याच्या घराला लोखंडी पाइप परवडणारा नव्हताच. तिथे आली लाकडी पट्टी, म्हणजे बॅटन वायरिंग. यातली काळी वायर म्हणजे दोन वायरींवर मिळून एक जाड रबरी साल. तिला म्हणायचे सीटीएस, म्हणजे कॅब टायर शीथ. विलायतेत घोडागाडीच्या चाकाला जे चिवट रबर वापरत, तसलं रबर म्हणून हे नाव! स्वस्त, सोपी, आणि काही बिघडलं तर डोळ्यांना दिसणारी पद्धत. पट्टी भिंतीत ठोकलेल्या लाकडी गिट्ट्यांवर बसवायची, ठरावीक अंतराने क्लिप मारायची.

आजोबांच्या घरात चार दिवे आणि एक रेडिओ. दोन वायरी पुरल्या. बल्बला कुठे अर्थिंग लागतं? नियम तेव्हाही होते. १९१० चा विद्युत कायदा, त्याखालचे १९५६ चे भारतीय विद्युत नियम, आणि भारतीय मानक संस्थेची वायरिंगची संहिता आय.एस. ७३२. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत, ८०० वॅटपेक्षा जास्त लोड नको, असे आकडे वायरमनला तोंडपाठ असतात, ते या परंपरेतून आले. नियम ६१ मध्ये लिहिलं होतं की वायरीचं रक्षण करणारं जे काही धातूचं आवरण असेल, ते सलग जोडलेलं आणि जमिनीला बांधलेलं असलं पाहिजे.

धातूचं आवरण! हा शब्द नीट वाचा.

*

मग आलं प्लास्टिक. आधी वायरीवर, मग पाइपमध्ये. पुण्याच्या छाब्रिया बंधूंनी १९५८ मध्ये पीव्हीसी वायरी बनवायला सुरुवात केली, ती फिनोलेक्स. १९८० च्या आसपास महाराष्ट्रात पीव्हीसी पाइपचे मोठे कारखाने निघाले. जळगावला जैन, पुण्याला फिनोलेक्स. ते मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठी होते, पण शेतातली पाइपलाइन आणि भिंतीतला वायरीचा पाइप ही एकाच प्लास्टिकची पोरं. प्लास्टिकच्या वायरिंग पाइपचं मानकही आलं, आणि १९८३ मध्ये आय.एस. ९५३७ चा तिसरा भाग, जो आजही पाइपवर छापलेला दिसतो.

पीव्हीसी पाइप गंजत नाही, हलका असतो, आटे पाडावे लागत नाहीत. सोल्युशन लावलं, खुपसला, झालं. लोखंडी पाइपचे आटे पाडणारे कारागीर दहा-पंधरा वर्षांत दिसेनासे झाले. जालना आज सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं, पण तासाभरावरच्या आमच्या घराच्या स्लॅबमध्ये वायरीभोवती लोखंड नाही, प्लास्टिक आहे.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. जुना घटक काढून नवीन बसवतो, तो स्वस्त, वेगवान, सगळ्या टेस्ट पास. सहा महिन्यांनी कळतं की जुना घटक न सांगता अजून एक काम करत होता, आणि ते आता कुणीच करत नाहीये. लोखंडी पाइप गेला तेव्हा त्याचं चौथं काम गेलं. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. म्हणून पीव्हीसी पाइपमध्ये तिसरी, हिरवी वायर घालणं सक्तीचं आहे. संहितेत ते आहेच. पण गावोगाव जे झालं ते असं: पाइप बदलला आणि आत वायरी मात्र दोनच राहिल्या. सॉकेटला तीन भोकं, तिसऱ्याच्या मागे काहीच नाही.

आमच्या स्वयंपाकघरात हेच होतं. बोर्ड उघडला. तीन पिनांच्या सॉकेटचा वरचा स्क्रू नवाकोरा, त्याला कधी वायर लागलीच नव्हती. फ्रिजच्या प्लगची तिसरी पिन इतकी वर्षं त्या पोकळीत नुसतीच जाऊन बसत होती.

शिवाय वायरी ॲल्युमिनियमच्या. याचाही इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर तांबं बाहेरून आणावं लागायचं आणि परकीय चलनाची चणचण होती. ॲल्युमिनियम देशात बनायचं, म्हणून घरांच्या वायरिंगमध्येही तेच शिरलं. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, सैल होतं, त्यावर ऑक्साइड धरतो, आणि सैल जोड तापतो. चार दिव्यांना चालतं. गीझर आणि एसीला नाही.

*

तर, पाइप कोणता? दुसऱ्या विकांताला कागद घेऊन बसलो.

लोखंडी पाइपचा मोह झाला होता, खरं सांगतो. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीत ओल असते, तिथे तो गंजणार. गंजला की जोड सुटणार आणि चौथं कामही जाणार. आणि आटे पाडणारा आणायचा कुठून? तेव्हा पीव्हीसीच, पण आय.एस.आय. चिन्हाचा आणि मीडियम. लाइट पाइप बोटाने दाबला तर चेपतो. स्लॅब ओतताना वरून मजूर चालतात, घमेली पडतात, तिथे तो टिकत नाही. किमतीतला फरक आमच्या अख्ख्या घराला मिळून एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा निघाला :)

आता जाडी. ठोकताळा असा की पाइपच्या आतल्या जागेच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त जागा वायरींनी व्यापू नये. २० मिलिमीटरच्या मीडियम पाइपचं आतलं भोक साधारण साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २१३ चौरस मिलिमीटर, त्याचे ४० टक्के ८५. अडीच स्क्वेअरची वायर आवरणासकट चार मिलिमीटर धरली तर ती साडेबारा चौरस मिलिमीटर जागा खाते. म्हणजे कागदावर सहा वायरी, वळणं असतील तर पाचवर थांबावं. फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून एका सर्किटच्या तीन. दुसरं सर्किट त्यातून न्यायचं म्हटलं की संपलं. म्हणून मुख्य मार्गांना २५ चा, पॉइंटकडे उतरणाऱ्या फांद्यांना २० चा. एसीला स्वतंत्र पाइप, चार स्क्वेअर तांब्याची वायर.

मातीच्या भिंतीला झिरी मारायची नाही, हे मात्र बाबांनी ठरवलं. "भिंत पोखरलीस तर वाळवीला दार उघडून दिल्यासारखं होईल," म्हणाले. मग पुढच्या घरात पाइप उघडाच, सॅडल मारून, जुन्या सागवानी पट्टीच्याच रेषेत.

स्वयंपाकघरात जुने पाइप होते, तेच वापरायचे ठरले. जुनी वायर ओढायची आणि तिच्याच शेपटीला नवीन बांधून आत घ्यायची. दोन मार्ग सहज निघाले. तिसरा, नेमका फ्रिजचा, अडकला. तिघांनी ओढलं, वायर तुटली, पाइप हलला नाही. प्लास्टर फोडून बघितलं तर कोपऱ्यावर लांब बेंडऐवजी काटकोनी एल्बो, आणि त्यात सिमेंटचं पाणी शिरून गठ्ठा झालेला. एका एल्बोवर वाचवलेले चार आणे तीस वर्षांनी आमच्या टाइल्सवर वसूल झाले. लोखंडी पाइपचं तिसरं काम, म्हणजे वायर बदलता येणं, तेही असं गेलं होतं.

*

तिसऱ्या विकांताला कंत्राटदाराने टेस्ट रिपोर्ट आणून दिला. सही, शिक्का, आकडे, सगळं भरलेलं. काम अजून अर्धं बाकी होतं!

"हे आकडे कधी मोजले?" मी विचारलं.

"भाऊ, सगळीकडं असंच चालतं. पास होतंय ना? मग झालं तर."

मी भांडलो नाही. घाईत होतो, आणि त्याचं म्हणणं एका अर्थाने खरंच होतं, कागद पास झाला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती चप्पल होती. एवढंच म्हटलं की कागद राहू द्या, मेगर आणा, मी समोर बसतो. तो कुरकुरत का होईना, घेऊन आला. हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

मेगर म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरीचं आवरण किती घट्ट आहे ते मोजणारं यंत्र. जुना हिशोब सोपा आहे: ५० ला पॉइंटांच्या संख्येने भागा, तितके मेगाओहम तरी आले पाहिजेत. दहा पॉइंटना पाच. नव्या वायरींना हे काहीच नाही, काटा पार पलीकडे गेला. मग अर्थिंग मोजलं. मीटरपासून निघालेली अर्थची तार परसात जाऊन मातीत शिरत होती. ओढली तर हातातच आली. खाली काहीच नव्हतं, नुसती खोचलेली होती.

इथे थोडं गणित. समजा अर्थिंगचा खड्डा कोरडा आहे आणि त्याचा रोध ५० ओहम. फ्रिजच्या पत्र्याला २३० व्होल्ट लागले तर जमिनीत जाणारा करंट ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. आणि माणसाच्या अंगातून ०.०३ ते ०.०५ अँपिअर गेला तरी हृदय थांबू शकतं. म्हणजे एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो: जाणारा आणि परत येणारा करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडणारा. १९५६ च्या नियमांत नंतर घातलेल्या ६१-अ मध्ये आणि २०१० च्या केंद्रीय नियमावलीत गळती-संरक्षणाची सक्ती होती, पण ५ किलोवॅटपेक्षा लहान घरांना सूट होती. म्हणजे आमच्यासारख्यांनाच. २०२३ मध्ये ती नियमावली बदलली, पण जुन्या भिंतीतल्या वायरी त्यामुळे आपोआप बदलत नाहीत.

परसात खड्डा खणला. अडीच मीटर जीआय पाइप, कोळशाचा आणि मिठाचा थर, वर पाणी घालायला नरसाळं. देऊळगावच्या उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं, हे काम बाबांनी आपणहून घेतलं.

चौथ्या विकांताला नवीन डीबी चालू केली. लाइट, पंखे, एसी, सगळं झकास. फ्रिजचा प्लग लावला आणि आरसीसीबी खट्कन पडला. परत लावला, परत पडला. वायरमन म्हणाला, "हा आरसीसीबीच बाद दिसतोय भाऊ, काढून डायरेक्ट करू?"

फ्रिज पुढे ओढला. मागे, कॉम्प्रेसरपाशी, उंदराने कुरतडलेली वायर उघडी होऊन पत्र्याला टेकलेली. इतकी वर्षं.

दीडशे रुपयांत वायर बदलून झाली. आरसीसीबी टिकला. कंत्राटदाराने रिपोर्ट नव्याने लिहिला, यावेळी मोजलेले आकडे घालून, आणि तो पासही झाला. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर फरक ओळखू येत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

रविवारी निघताना आईला म्हटलं, चप्पल न घालता दूध काढ. तिने आधी बोटाच्या मागच्या बाजूने दाराला टिचकी मारली, मग हँडल धरलं. काही नाही. चप्पल मात्र तिने उचलली नाही. "असू दे तिथेच," म्हणाली. "सवय आहे."

असो. तुमच्याही गावाकडच्या घरात अशी एखादी चप्पल, पाट किंवा 'त्याला ओल्या हाताने लावू नको' असा नियम असेल, तर पुढच्या सुट्टीत तिथला सॉकेट उघडून तिसऱ्या भोकामागे काय आहे ते बघून या. आधी मेन बंद करून. आणि वायरमनने विचारलंच, तर मीडियम सांगा.